गावागावांत नेतृत्व घडवताना या चुका टाळा

विदर्भाच्या ग्रामीण भागाला नेतृत्व विकासाचे कार्यक्रम नवे नाहीत. गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेने तरुणांसाठी सुरू केलेला ‘निर्माण’ हा उपक्रम २००६ पासून चालू आहे. ‘माविम’ (महिला आर्थिक विकास महामंडळ) आणि ‘उमेद’ (राज्याचे ग्रामीण जीवनोन्नती अभियान) यांच्या बचत गटांमुळे अनेक स्त्रिया पहिल्यांदाच चारचौघांत बोलू लागल्या. तरीही तालुका पातळीवर असे कार्यक्रम राबवणाऱ्यांकडून एक तक्रार वारंवार ऐकू येते: शिबिर छान झाले, मुले उत्साहाने बोलली, पण वर्षभराने गावात पाहिले तर काहीच हललेले नाही. याचा दोष गावकऱ्यांच्या उदासीनतेवर टाकणे सोपे असले, तरी माझ्या मते बहुतेक वेळा तो कार्यक्रमाच्या आखणीतच असतो, आणि म्हणूनच तो दुरुस्तही करता येतो.

नावे ग्रामपंचायतीकडून मागवणे

सर्वांत महागात पडणारी चूक निवडीच्या वेळीच होते. ‘दोन होतकरू तरुणांची नावे कळवावीत’ असे पत्र ग्रामपंचायतीला जाते आणि नावे येतात ती सत्तेच्या जवळच्या घरांतली. ही मुले हुशार असतात, चांगले बोलतात, पण गावातल्या निम्म्या वस्तीला ती आपली वाटत नाहीत. यावर उपाय म्हणजे प्रत्येक टोलीत, मोहल्ल्यात आणि यवतमाळकडे असाल तर कोलाम आदिवासींच्या पोडावरही (वस्तीवरही) स्वतः जाऊन, नेता कोण असे न विचारता साधे प्रश्न विचारणे. रात्री-बेरात्री कोणाला दवाखान्यात न्यायचे झाले तर आधी कोणाचे दार वाजवता? राशन कार्डावरचे नाव चुकले तर अर्ज कोणाकडून लिहून घेता? धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, दोन भावांत वाद झाला तर कोणाचे ऐकता? या उत्तरांत जी नावे पुन्हा पुन्हा येतात, त्यांत एखादी आशा सेविका असते, एखादा शेतमजूर असतो, बचत गटाचा हिशेब लिहिणारी एखादी बाई असते. हेच खरे उमेदवार. आणि एका गावातून एकालाच घेऊ नका, वेगवेगळ्या वस्त्यांतले किमान तिघे घ्या. एकटा माणूस गावात परतल्यावर पहिल्याच विरोधात गप्प होतो.

शेतीचे दिवस न पाहता तारखा ठरवणे

भंडारा, गोंदियाकडे जुलै-ऑगस्टमध्ये धानाची रोवणी असते, कापूसपट्ट्यात दिवाळीच्या आसपास वेचणी जोर धरते, जंगलपट्ट्यात मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले आणि मे महिन्यात तेंदूपाने. या दिवसांत निवासी शिबिर ठेवले, तर ज्यांना मजुरी बुडवणे परवडते तेच येणार. सलग पाच दिवसांपेक्षा महिन्यातून एक दिवस चांगला, आणि तोही शक्यतो आठवडी बाजाराचा, कारण अनेक गावांत त्या दिवशी शेतमजुरीला सुटी असते.

भाषणकला शिकवणे आणि कागद न शिकवणे

शिबिराचा बहुतांश वेळ व्यक्तिमत्त्व विकास, सकारात्मक विचार आणि सभाधीटपणा यांवर जातो. हे निरुपयोगी आहे असे मी म्हणणार नाही, परंतु गावाचे निर्णय भाषणांवर होत नाहीत, ते ठरावांवर होतात, आणि ठराव कसा मांडायचा, कसा लिहून घ्यायचा आणि त्याचा पाठपुरावा कसा करायचा हे शिकवणारी शिबिरे माझ्या पाहण्यात फार थोडी आहेत. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ नुसार वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तितके मतदार हजर असावे लागतात. ती नसेल तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला मात्र गणपूर्तीचे बंधन नसते. गावाच्या पैशांचे कितीतरी निर्णय या दुसऱ्या, रिकाम्या सभेत होऊन जातात. ही एवढी गोष्ट ज्याला कळली, तो तहकूब सभेची तारीख विचारल्याशिवाय घरी जात नाही.

म्हणून मागच्या ग्रामसभेचे इतिवृत्त मिळवून ते गटात मोठ्याने वाचावे. ‘पिण्याच्या पाण्याच्या समस्येवर चर्चा करण्यात आली व योग्य ती कार्यवाही करण्याचे ठरले’ अशा धाटणीचे वाक्य त्यात हमखास सापडेल. प्रशिक्षणार्थ्यांना विचारावे की या वाक्यावरून उद्या कोणाला जाब विचारता येईल? कोणालाच नाही. मग तोच ठराव त्यांच्याकडून पुन्हा लिहून घ्यावा: कोणत्या वस्तीतला कोणता हातपंप, दुरुस्ती कोणत्या निधीतून, किती तारखेपर्यंत, जबाबदारी कोणाची, पुढच्या ग्रामसभेत अहवाल कोण देणार, सूचक कोण, अनुमोदक कोण. निधीच्या रकान्याशी गाडी अडली की अर्थसंकल्पाचा नमुना १ उघडावा. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२६ या काळासाठी दिलेल्या निधीपैकी ६० टक्के निधी पाणी आणि स्वच्छता यांसाठीच बांधलेला होता, हे कळल्यावर ‘ग्रामपंचायतीकडे पैसाच नाही’ या उत्तराला काय विचारायचे ते आपोआप सुचते. अशा एका दुपारने जो आत्मविश्वास येतो, तो व्यासपीठावरच्या भाषणाने आलेला मी पाहिलेला नाही.

स्त्रियांना बोलावणे, पण त्यांच्यासाठी काहीच न बदलणे

महाराष्ट्रात २०११ पासून पंचायत राज संस्थांमध्ये स्त्रियांसाठी ५० टक्के जागा राखीव आहेत. तरी सरपंचबाईंच्या खुर्चीशेजारी त्यांचे यजमान बसतात आणि उत्तरेही तेच देतात, हे दृश्य दुर्मीळ नाही. प्रशिक्षणातही तेच घडत असेल, तर पतीला प्रेमाने पण स्पष्टपणे बाहेर बसायला सांगण्याची हिंमत आयोजकांत हवी. नियमित ग्रामसभेआधी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद आहे. ती सभा कागदावरच उरकली जात असेल, तर गटाने वर्षभर त्या एकाच गोष्टीवर काम केले तरी पुष्कळ झाले. स्त्रियांनी तिथे ठरवलेले विषय मुख्य सभेत जसेच्या तसे वाचले जातात का, इतके पाहण्याची जबाबदारी दोघींना द्यावी.

भाषेचेही असेच आहे. मेळघाटात कोरकू आणि भामरागडकडे माडिया बोलणाऱ्या माणसाला प्रमाण मराठीतून प्रश्न विचारायचा आणि तो गप्प राहिला की त्याला काही कळत नाही असे समजायचे, हा अन्याय आहे. त्याच भाषेतला सहप्रशिक्षक नसेल, तर त्या भागात कार्यक्रम घेऊ नये.

मेंढा (लेखा) गावाला जाऊन फक्त बांबू पाहणे

गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सामूहिक वनहक्क, म्हणजे गावाच्या जंगलावरचा सामाईक हक्क, मिळाला. तिथे अभ्यास सहली नेण्याची पद्धत पडली आहे. लोक जंगल पाहतात, गावाचे नेते देवाजी तोफा यांना भेटतात, बांबूचे उत्पन्न विचारतात आणि ‘आमच्याकडे असा नेता नाही’ असे म्हणत परततात. त्या गावाची खरी शिकवण नजरेतून निसटते. मेंढ्यात निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वसहमतीने होतात. त्यासाठी वेळ लागतो आणि तो दिला जातो. शिवाय ग्रामसभेत निर्णय होण्याआधी अभ्यास गटात त्या विषयाची चर्चा होते, आणि या गटात मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखे बाहेरचे मित्रही बसत असत, मात्र निर्णय गावाचाच राहिला. तेव्हा सहलीहून परतल्यावर पहिले काम म्हणजे गावात असा एखादा अभ्यास गट सुरू करणे: रात्रीची जेवणे झाल्यावर समाज मंदिरात किंवा शाळेच्या ओट्यावर, विषय एकच, आणि निर्णय न घेण्याचे बंधन. ज्या बैठकीत निर्णय होणार नसतो, तिथे विरोधी गटातली माणसेही मोकळेपणाने बोलतात.

प्रमाणपत्र देऊन निघून जाणे

शिबिरानंतरचे सहा महिने सर्वांत कठीण असतात. ग्रामसभेत पहिल्यांदा प्रश्न विचारणाऱ्या तरुणाला ‘तुला निवडणूक लढवायची आहे का?’ असे ऐकवले जाते. त्याच्या घरच्या घरकुलाचा किंवा मजुरीचा विषय अचानक अडतो, किंवा याउलट एखादा पक्ष त्याला पद देऊन आपल्याकडे ओढतो. या काळात संस्थेचा माणूस फोनवर नाही, प्रत्यक्ष गावात दिसला पाहिजे. दहा-बारा गावांतल्या गटांची दर महिन्याला एकत्र भेट होत राहिली, तर एका गावातला दबाव दुसऱ्या गावाच्या सोबतीने सोसता येतो. गडचिरोली जिल्ह्यातल्या कोरचीच्या महाग्रामसभेत तालुक्यातल्या ग्रामसभा एकत्र आल्या, त्या तेंदू आणि वनहक्क अशा प्रत्यक्ष प्रश्नांवर. परिसराला पेलणारे नेतृत्व अशाच सामायिक कामातून तयार होते, तालुक्याच्या ठिकाणी घेतलेल्या मेळाव्यातून नाही.

देणगीदारांना पाठवायच्या अहवालात ‘इतके प्रशिक्षित’ हा आकडा द्यावा लागतो, हे मान्य आहे. त्याच्या शेजारी आणखी दोन आकडे ठेवावेत: पूर्वी कधीही न बोललेल्या किती जणांची नावे ग्रामसभेच्या इतिवृत्तात सूचक म्हणून आली, आणि मांडलेल्या ठरावांपैकी किती प्रत्यक्षात उतरले.

शिबिर होऊन गट पांगला असेल, तर लगेच नवे शिबिर घेऊ नये. जुन्या यादीतल्या प्रत्येकाच्या घरी जावे, गळतीचे कारण विचारावे आणि ते लिहून ठेवावे. बहुतेक ठिकाणी दोन-तीन जण अजूनही तयार असतात. त्यांना घेऊन २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट किंवा २ ऑक्टोबर यांपैकी जी ग्रामसभा जवळ असेल तिच्यासाठी एकच ठराव तयार करावा, त्यावर वस्तीतल्या लोकांच्या सह्या घ्याव्यात, तो विषयपत्रिकेत घेण्यासाठी ग्रामपंचायतीत आधीच लेखी द्यावा आणि त्याची पोच घ्यावी.