शाळेची परवानगी म्हणजे संमती नव्हे : शिक्षणशास्त्रातील संशोधनाला नैतिक मंजुरी घेताना या चुका टाळा

एम.एड. किंवा पीएच.डी.चा प्रस्ताव नैतिकता समितीकडून परत येतो तेव्हा विषय क्वचितच चुकलेला असतो. गोंधळ झालेला असतो तो कोणाकडून काय घ्यायचे याचा. विद्यापीठाची संशोधन मान्यता समिती (आरआरसी) विषय मान्य करते. नैतिकता समिती पद्धत तपासते. शाळा किंवा शिक्षण विभाग आत येऊ देतो. पालक संमती देतात आणि मूल स्वतःचा होकार देते. यातल्या एकाची सही दुसऱ्याच्या जागी चालत नाही. मुंबईतल्या शिक्षणशास्त्र विभागांत काम अडते ते बहुतेक इथेच.

मुख्याध्यापकांची सही पालकांच्या सहीच्या जागी लावणे

ही चूक सर्रास होते आणि मुलांच्या दृष्टीने सर्वांत गंभीर आहे. मुख्याध्यापक शाळेचे दार उघडू शकतात, साठ पालकांच्या वतीने हो म्हणू शकत नाहीत. महापालिकेच्या शाळेसाठी पालिकेच्या शिक्षण विभागाकडून लेखी परवानगी लागते, नुसत्या मुख्याध्यापकांच्या पत्रावर भागत नाही. खासगी अनुदानित शाळेत मुख्याध्यापकांबरोबर संस्थाचालकांचेही पत्र घ्यावे. ही दोन्ही पत्रे हातात आली तरी पालकांकडे जावेच लागते.

‘हरकत असेल तरच कळवा’ अशी चिठ्ठी डायरीत चिकटवून गप्प राहणे हीसुद्धा संमती नव्हे. चिठ्ठी पोहोचली नाही, वाचता आली नाही, दप्तरातच राहिली, अशा सगळ्या पालकांचा त्यात ‘हो’ धरला जातो. संमती सहीनेच यावी. वाचता न येणाऱ्या पालकांना मजकूर वाचून दाखवावा, अंगठा घ्यावा आणि संशोधनाशी संबंध नसलेल्या साक्षीदाराची सही घ्यावी. वर्गशिक्षिका साक्षीदार नसावी, कारण पालक तिला नाही म्हणायला कचरतात.

फॉर्म परत येत नाहीत ही तक्रार खरी आहे. त्यावर उपाय म्हणजे पालकसभेच्या दिवशी शाळेत बसणे, तेही सकाळ आणि दुपार अशा दोन्ही सत्रांत. चाळीस मुले हवी असतील तर सत्तर घरी फॉर्म द्यावेत आणि आठवणही दोनदाच करावी. तिसऱ्यांदा मागितले की तो दबाव होतो. ज्यांची संमती आली नाही ती मुले त्या तासाला काय करतील हेही प्रस्तावात लिहावे. त्यांना वर्गाबाहेर उभे करणे ही शिक्षाच ठरते.

मुलाला न विचारणे

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत वयाप्रमाणे पायऱ्या आहेत. सात वर्षांखालील मुलासाठी पालकांची संमती, सात ते बारा वयाला पालकांची संमती आणि मुलाचा तोंडी होकार, बारा ते अठरा वयाला पालकांची संमती आणि मुलाचा लेखी होकार. ही तत्त्वे जैववैद्यकीय आणि आरोग्यविषयक संशोधनासाठी आहेत, तरी शिक्षणशास्त्रातही हीच चौकट वापरणे सोयीचे पडते. दहावीचा विद्यार्थी मोठा दिसतो म्हणून केवळ त्याच्या सहीवर मुलाखत घेतलेली चालत नाही. तो अजून अठराचा झालेला नाही.

तोंडी होकारासाठी काय बोलणार ते शब्दशः प्रस्तावाला जोडावे. उदाहरणार्थ : “तुम्ही गोष्ट कशी वाचता ते मला समजून घ्यायचं आहे. वीस मिनिटं लागतील. नको वाटलं तर नाही म्हण. मध्येच थांबावंसं वाटलं तरी थांब. मार्कांशी याचा काही संबंध नाही आणि बाई रागावणार नाहीत.” शेवटचे वाक्य म्हणण्याआधी बाईंशी तसे खरेच बोलून ठेवावे.

संमतीपत्र सरकारी मराठीत लिहिणे

‘उपरोक्त संशोधन प्रकल्पातील माझ्या पाल्याच्या सहभागास मी स्वेच्छेने संमती प्रदान करीत आहे.’ इंग्रजी नमुन्यावरून उतरवलेले असे वाक्य वाचून पालक सही करतात ती भीतीने. त्याऐवजी लिहावे : ‘हा अभ्यास कशाबद्दल आहे ते मला समजले. माझ्या मुलीने / मुलाने त्यात भाग घ्यावा याला मी हो म्हणते / म्हणतो. मी कधीही नाही म्हणू शकते / शकतो.’ पत्र एका पानात बसवावे. त्यात काय करणार, किती वेळ लागेल, त्रास काय होऊ शकतो, फायदा काय (बहुधा थेट काहीच नसतो, तसे स्पष्ट लिहावे), माहिती कुठे आणि किती दिवस राहील, आणि विचारायचे असल्यास संशोधक, मार्गदर्शक आणि समिती यांच्याशी कसे बोलायचे, एवढे असावे. रेकॉर्डिंगसाठी वेगळा चौकोन ठेवावा. भाग घ्यायला हो पण रेकॉर्डिंगला नाही, असे पालकांना म्हणता आले पाहिजे.

पालिकेच्या शाळा मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजी, तमिळ, तेलुगू आणि कन्नड अशा आठ माध्यमांत चालतात. शाळेचे माध्यम आणि घरची भाषा एकच असेल असेही नाही. इंग्रजी माध्यमात मूल घालणारे अनेक पालक इंग्रजी वाचत नाहीत. म्हणून आधी वर्गशिक्षिकेला घरच्या भाषा विचाराव्यात, मग भाषांतर करावे आणि दुसऱ्या माणसाकडून उलट भाषांतर करून अर्थ जुळतो का ते पाहावे. समितीला प्रत्येक भाषेतली प्रत द्यावी लागते. एकच प्रत जोडली की प्रस्ताव परत येतो आणि पुढच्या बैठकीपर्यंत थांबावे लागते.

‘सर्व माहिती पूर्णपणे गुप्त राहील’ असे वचन देणे

हे वचन पाळता येत नाही, म्हणून देऊ नये. मुलाखतीत एखाद्या मुलाने लैंगिक अत्याचाराबद्दल सांगितले, तर मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे ते पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणे बंधनकारक आहे. न कळवल्यास कलम २१ खाली शिक्षा आहे. यात संशोधकाला सूट नाही. म्हणून संमतीपत्रात आणि मुलाशी बोलतानाही आधीच सांगावे : ‘तू सांगितलेलं मी इतरांना सांगणार नाही. पण तुला कोणी इजा करत असेल, तर तुला सुरक्षित ठेवण्यासाठी मला ते योग्य माणसांना सांगावं लागेल.’ मूल बोलून मोकळे झाल्यावर हे सांगितले तर त्याला ती फसवणूकच वाटते, आणि तसे वाटणे रास्तच आहे.

प्रस्तावात ‘गरज पडल्यास समुपदेशन दिले जाईल’ एवढेच लिहिले असेल तर समितीने ते परत पाठवावे. समुपदेशक कोण, शाळेतला की बाहेरचा, त्यांनी लेखी होकार दिला आहे का, आणि ती व्यक्ती कोणत्या दिवशी उपलब्ध असते हे लिहावे लागते. मुलांसाठीची १०९८ आणि मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी टेलि-मानस सेवेची १४४१६ या हेल्पलाइन पत्रकावर छापाव्यात, पण त्या समुपदेशकाची जागा घेत नाहीत.

इथेच आणखी एक धोका असतो. ताण किंवा नैराश्य मोजणाऱ्या काही मापिकांत स्वतःला इजा करण्याविषयी प्रश्न असतो. संशोधक प्रश्नावल्यांचा गठ्ठा घरी नेतो आणि पंधरा दिवसांनी आकडे भरायला बसतो. तोवर एखाद्या मुलाने दिलेला ‘हो’ कोणीच वाचलेला नसतो. असा प्रश्न ठेवायचा असेल तर शाळेतून निघण्याआधी त्या ओळी तपासून व्हायला हव्यात. ते जमणार नसेल तर ती मापिका घेऊ नये.

गटचर्चेतही गुप्ततेची हमी देता येत नाही, कारण बाकीची सात मुले काय बोलतील ते आपल्या हातात नसते. तसे स्पष्ट लिहावे आणि घरातल्या भांडणांसारखे विषय गटात काढू नयेत.

‘माझ्या अभ्यासाला मंजुरी लागत नाही’ असे स्वतःच ठरवणे

आढावा तीन प्रकारचा असतो : सूट, त्वरित आढावा आणि पूर्ण समितीसमोरचा आढावा. सूटही समितीच देते, आणि तीही लेखी. पाठ्यपुस्तकांचे आशयविश्लेषण असेल तर सूट सहज मिळते. मुले, अपंग विद्यार्थी किंवा स्वतःच्या हाताखालचे शिक्षक असतील तर पूर्ण आढाव्याचीच तयारी ठेवावी.

पायलट चाचणी, म्हणजे मुख्य अभ्यासाआधीची छोटी चाचणी, मंजुरीआधी उरकून घेणे हीही नेहमीची चूक आहे. पायलटमधली दहा मुलेही माणसेच असतात. शिवाय झालेल्या कामाला मागाहून मंजुरी मिळत नाही, ती माहिती वाया जाते आणि मुलांचा वेळ फुकट जातो. सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) मान्य झाल्याचे पत्र किंवा कोर्सवर्कमधला संशोधन व प्रकाशन नीतीचा दोन श्रेयांकांचा अभ्यासक्रम पूर्ण केल्याचा दाखला, यांपैकी काहीही मंजुरीच्या जागी लावता येत नाही.

कॉलेजला समिती नसेल तर विद्यापीठ विभागाच्या किंवा दुसऱ्या संस्थेच्या समितीकडे लेखी विनंती करावी. मुलांचे हिमोग्लोबिन, आहार, मानसिक आजारांची तपासणी असे काही अभ्यासात असेल तर तो आरोग्यविषयक संशोधनात मोडतो. त्यासाठी आरोग्य संशोधन विभागाकडे नोंदणी असलेली समिती शोधावी. आयसीएमआरच्या तत्त्वांनुसार अशा समितीत सात ते पंधरा सदस्य असतात, अध्यक्ष संस्थेबाहेरचे असतात आणि किमान पाच जणांशिवाय बैठक होत नाही. गाईड, विभागप्रमुख आणि दोन सहकारी यांनी चहाच्या वेळी केलेली सही म्हणजे समितीचा निर्णय नव्हे.

स्वतःच्याच वर्गावर प्रयोग

नोकरी करत एम.एड. करणारे शिक्षक आपल्याच वर्गाला नमुना म्हणून घेतात. बंदी नाही, पण गुण देणारा हात आणि संमती मागणारा हात एक नसावा. संमती दुसऱ्या शिक्षिकेने मागावी, आणि कोणी हो म्हटले ते निकाल लागेपर्यंत वर्गशिक्षकाला कळू नये. प्रायोगिक अभ्यासात नियंत्रित गटाला, म्हणजे नवा उपक्रम न मिळालेल्या तुलनेच्या गटाला, ‘पारंपरिक पद्धत’ देऊन सोडून देतात. उत्तरचाचणी (प्रयोगानंतरची चाचणी) झाल्यावर तोच उपक्रम त्या गटालाही द्यावा आणि त्यासाठीचे तास शाळेकडून आधीच मागून ठेवावेत.

गुगल फॉर्म आणि मोबाइल

फॉर्ममध्ये ईमेल जमा करण्याची सोय चालू राहिली की ‘निनावी’ सर्वेक्षण निनावी राहत नाही. ती बंद करून स्वतः एकदा भरून पाहावे. निनावी फॉर्ममधून माहिती मागे घेता येत नाही, हेही पहिल्या पानावर लिहावे. मोबाइलवरच्या मुलाखती आपोआप क्लाउडवर चढतात. शाळेत जाण्याआधी बॅकअप बंद करावा. नावे आणि संकेतांक यांची यादी वेगळ्या, पासवर्ड असलेल्या फाइलमध्ये ठेवावी. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठराखालील प्रत्येक जण बालक धरला आहे. संशोधनाला त्यात सवलत आहे, पण ठरावीक मानके पाळली आणि त्या माहितीवरून त्या व्यक्तीविषयी कोणताही निर्णय घेतला जात नसेल तरच.

मुंबईचे वेळापत्रक न पाहणे

ऑक्टोबरमध्ये अर्ज केला की मंजुरी येईपर्यंत दहावीच्या सराव परीक्षा सुरू होतात, आणि मेमध्ये शाळाच बंद असतात. शाळा जूनच्या मध्यावर उघडतात. म्हणून समितीचा अर्ज फेब्रुवारी-मार्चमध्ये द्यावा, पालिकेच्या परवानगीचा अर्ज समितीचे पत्र येताच द्यावा आणि मुलांबरोबरचे काम जुलै-ऑगस्टमध्ये धरावे. अतिवृष्टीच्या सुट्ट्या, गणपती आणि शिक्षकांची निवडणूक कामे यांसाठी तीन आठवडे मोकळे ठेवावेत. पत्रावरची मुदतही वाचावी. ती संपत आली असेल किंवा प्रश्नावलीत एखादा प्रश्न वाढवायचा असेल तर आधी समितीला कळवावे.

प्रबंधाच्या परिशिष्टात सगळे उघडे पडणे

आत ‘शाळा क’, आणि ऋणनिर्देशात मुख्याध्यापिकांचे नाव, शाळा आणि उपनगर. परिशिष्टात शाळेच्या शिक्क्याचे पत्र, भरलेली संमतीपत्रे आणि गणवेशातल्या मुलांचा फोटो. पीएच.डी.चा प्रबंध शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर जातो आणि कोणालाही उतरवून घेता येतो. ऋणनिर्देशात ‘सहभागी शाळांचे मुख्याध्यापक व शिक्षक’ एवढेच लिहावे. परिशिष्टात संमतीपत्राचा कोरा नमुना जोडावा. परवानगीच्या पत्रावरचे नाव, शिक्का आणि जावक क्रमांक झाकावा, मूळ पत्र विभागाच्या फाइलमध्ये ठेवावे. ‘तमिळ माध्यमाच्या शाळेचे एकमेव पुरुष मुख्याध्यापक’ अशी ओळ मजकुरात राहिली असेल तर नाव झाकूनही उपयोग नाही. त्या वॉर्डातल्या कोणालाही ते कोण हे लगेच कळेल, म्हणून पीडीएफ अपलोड करण्याआधी अशा ओळी शोधून बदलाव्यात.