चार्ल्स्टनला मुलांना घेऊन जाताय? सुरुवात फोर्ट समटरपासून करा

साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्स्टनमध्ये मुलं आणि आजी-आजोबा बरोबर असतील, तर पहिल्या दिवशी सकाळची पहिलीच फेरी बोट धरा. फोर्ट समटर बंदराच्या तोंडाशी, पाण्यात आहे. तिथे बोटीनेच जाता येतं. जायला अर्धा तास, किल्ल्यावर साधारण तासभर. बोटी दोन ठिकाणांहून सुटतात, शहरातल्या लिबर्टी स्क्वेअरहून आणि पलीकडच्या पॅट्रियट्स पॉइंटहून. तिकिटावर कोणतं नाव आहे ते आधी नीट बघा, कारण मधे मोठा पूल आहे.

किल्ल्यावर सावली फार कमी. टोप्या आणि पाणी हवंच. १२ एप्रिल १८६१ला याच किल्ल्यावर तोफा डागल्या गेल्या आणि अमेरिकेचं यादवी युद्ध पेटलं. पुढे युद्धात मारा झालेले तोफगोळे विटांच्या भिंतीत आजही रुतलेले दिसतात. मुलांना ते शोधायला लावा, मग इतिहास वेगळा सांगावा लागत नाही.

दुपारच्या उन्हात गॅड्सडेन्स वॉर्फवरचं आंतरराष्ट्रीय आफ्रिकन अमेरिकन संग्रहालय बघा. जहाजांतून आणलेल्या हजारो गुलामांना याच धक्क्यावर उतरवलं जायचं. रेनबो रोची रंगीत घरं बघून परतणारे खूप. पण हे शहर कुणाच्या कष्टावर उभं राहिलं हे मुलांना कळायलाच हवं. आत शिरण्याआधी त्यांच्याशी थोडं बोलून घ्या.

चामर्स स्ट्रीटवर गोटे बसवलेले आहेत. बाबागाडी तिथे अडते, आजींना हात द्यावा लागतो.