वाचनालयात रेकॉर्डिंगची खोली करताना आधी दार बघा

वाचनालयात रेकॉर्डिंगची खोली काढायची म्हटलं की कार्यकारिणीच्या बैठकीत पहिला वाद रंगतो तो माईक कुठला घ्यायचा यावर. तो राहू द्या. भर वर्दळीच्या वेळी एकेका खोलीत दार लावून बसा, मोबाईलवर नुसती शांतता रेकॉर्ड करा आणि हेडफोन लावून ऐका. रस्त्याकडची खोली आपोआप बाद होईल. मी बहुधा जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यांची मागची खोली मागून घेतो. फक्त लांबी-रुंदी सारखी नको, तशा खोलीत खर्जातले ठरावीक सूर घुमत राहतात.

पैसे आधी दारावर घाला. बाहेरचा आवाज अडतो तो वजनाने आणि फटी बुजवल्याने. पोकळ फ्लश डोअर काढून भरीव बसवा, चौकटीला चहूबाजूंनी रबरी पट्टी लावा, उंबरठ्याची फट विसरू नका. दाराच्या क्षेत्रफळाच्या एक टक्का जरी फट राहिली, तरी ते दार २० डेसिबलच्या पलीकडे काही अडवत नाही, मग लाकूड सागवानी का असेना.

टोकदार काळा फोम चिकटवून ‘साउंडप्रूफ’ करून देणारा कुणीतरी भेटेलच. फोम खोलीतला घुमारा थोडा खातो, बाहेरची रिक्षा थांबवत नाही. वर साधा फोम पेटतो भडाभड, आणि शेजारी तुमची पुस्तकं. त्यापेक्षा ५० मिलिमीटर जाडीचं रॉकवूल (दगडाच्या तंतूंची लोकरीसारखी गादी) लाकडी चौकटीत भरा, वरून हवा जाईल असं सुती कापड ताणा, आणि बोलणाऱ्याच्या समोर, पाठीमागे नि कोपऱ्यांत लावा. सगळ्या भिंती झाकल्या तर आवाज कोंदट येतो. पुस्तकांचे उघडे रॅक असू द्या, आवाज विखुरायला ते चांगले. लोखंडी कपाटं मात्र बाहेर, पत्रे झणझणतात.

पंखा, एसी रेकॉर्डिंगपुरते बंद. म्हणून वीस मिनिटांच्या वर सलग बसवू नका, विशेषतः वयस्क वाचकांना.

माईक डायनॅमिक, म्हणजे जवळचाच आवाज धरणारा, घ्या, तोंडापासून चार बोटांवर, जरा तिरका. कंडेन्सर हा दुसरा, जास्त नाजूक प्रकार शेजारच्या खोलीत सरकवलेली खुर्चीसुद्धा टिपतो.

व्हिडिओत पाठीमागे पुस्तकं सगळ्यांनाच हवी असतात. माणूस रॅकपासून चार-पाच फूट पुढे बसवा, नाहीतर सावली पडते. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो आणि चित्रात पट्टे फिरतात. कॅमेऱ्यात सेकंदाला २५ फ्रेम (चित्रं) आणि १/५० सेकंदाचं शटर (एका चित्राचा उघडा वेळ) ठेवा. मोबाईल ३० फ्रेमवर अडला तर १/१०० चालेल.

पुस्तकं वाचून घेणार असाल तर लेखकाचं मृत्युवर्ष तपासा. त्यानंतरची ६० वर्षं स्वामित्वहक्क असतो. दृष्टिहीन वाचकांसाठी, नफा न घेता केलेल्या ध्वनिप्रतीला कायद्यात २०१२ पासून मुभा आहे. ती प्रत इतरांना मात्र द्यायची नाही.

४८ किलोहर्ट्झ, २४ बिटचं एका माईकचं तासभराचं रेकॉर्डिंग साधारण ५२० एमबी भरतं. दोन हार्ड डिस्कवर ठेवा, त्यातली एक दुसऱ्या इमारतीत. आणि प्रत्येक फाइलला पुस्तकासारखाच दाखल क्रमांक द्या, वाचणाऱ्याच्या लेखी संमतीसकट.