स्क्रूचं डोकं कसं ओळखायचं आणि दुकानात नेमकं काय मागायचं

हार्डवेअरच्या दुकानात ‘स्टार द्या’ म्हटलं, की काउंटरवर अधिकच्या चिन्हाचा स्क्रू ड्रायव्हर येतो. आपल्याकडे स्टार म्हणजे तोच. पण सायकलची डिस्क बदलणारा मेकॅनिक ‘स्टार आण’ म्हणतो, तेव्हा त्याला सहा पाकळ्यांचा टॉर्क्स हवा असतो. मी एकदा अशीच चुकीची खरेदी करून घरी आलो आणि संध्याकाळचं काम दुसऱ्या दिवसावर गेलं. दुकानदाराची त्यात काहीच चूक नव्हती, मी मागितलं तेच त्याने दिलं. म्हणून माझं आग्रहाने सांगणं आहे: दुकानात जाण्याआधी आकाराचं नाव आणि नंबर, दोन्ही माहीत हवेत.

पायरी १: खाच साफ करा. जुन्या स्क्रूत रंग, ग्रीस, माती भरलेली असते. टाचणीने कोरून काढा, जुना टूथब्रश फिरवा. मग मोबाइलचा टॉर्च तिरका धरून कॅमेऱ्याने जवळून फोटो काढा. दुकानात हाच फोटो दाखवता येतो.

पायरी २: बाजू मोजा. एकच सरळ खाच असेल तर चपटा स्क्रू ड्रायव्हर, म्हणजे मायनस. सहा सरळ बाजूंचं भोक असेल तर ॲलन की. बिलावर ‘एलएन की’ असंही लिहिलेलं दिसतं. हे नाव अमेरिकेतल्या हार्टफर्डच्या ॲलन कंपनीवरून आलं. सहा गोलसर पाकळ्या असतील तर टॉर्क्स. पाचच पाकळ्या असतील तर पेंटालोब. आयफोनच्या चार्जिंगच्या खाचेशेजारचे दोन बारीक स्क्रू तसे असतात. चौकोनी भोक इकडे क्वचितच दिसतं, पण कॅनडात राहणाऱ्या नातेवाइकांच्या घरी ते जागोजागी सापडेल. पी. एल. रॉबर्टसन यांनी १९०८ च्या सुमारास तिथेच ते काढलं आणि त्याचे नंबर रंगावरून ओळखतात: हिरवा १, लाल २, काळा ३.

पायरी ३: अधिकचं चिन्ह दिसलं तर थांबा. सगळ्यात जास्त स्क्रू इथे खराब होतात, कारण एकसारखे दिसणारे तीन प्रकार इथे आहेत.

पहिला फिलिप्स. जॉन थॉम्पसन यांची कल्पना हेन्री फिलिप्स यांनी विकत घेऊन सुधारली, १९३६ मध्ये पेटंट मिळालं आणि कॅडिलॅक मोटारींच्या कारखान्यात तो वापरात आला. टोक आपोआप मधोमध बसतं, त्यामुळे मशीनने भराभर स्क्रू पिळणं सोपं झालं. पण त्याच्या बाजू उतरत्या असतात, म्हणून जोर वाढला की टोक वर उसळतं.

दुसरा पोझिड्राइव्ह. अधिकच्या चार हातांच्या मधल्या कोपऱ्यांत आणखी चार बारीक रेघा कोरलेल्या दिसतात. मॉड्युलर किचनच्या कपाटाचं दार तिरकं झालं की बिजागरीचा जो स्क्रू आपण फिरवतो, तो बहुतेक वेळा पोझिड्राइव्ह २ नंबरचा असतो. त्यात फिलिप्स घातला तर बसल्यासारखा वाटतो, पण हलवून पाहा, खुळखुळतो.

तिसरा जपानी, जेआयएस, म्हणजे जपानच्या औद्योगिक मानकाचा. डोक्यावर हातांच्या मधल्या जागेत एक छोटा ठिपका असतो. जपानी आराखड्यावर बनलेल्या जुन्या १०० सीसी मोटरसायकलींच्या कार्ब्युरेटरवर असे स्क्रू पाहिलेत. फिलिप्सचं टोक त्यात पूर्ण खाली टेकत नाही, वरच्या वर फिरतं आणि दोन प्रयत्नांत खाचेची वाटी होते. जेआयएसचा ड्रायव्हर मात्र साध्या फिलिप्स स्क्रूतही चालतो. जुनी जपानी गाडी स्वतः उघडत असाल तर हा एक ड्रायव्हर घ्याच.

पायरी ४: नंबर ठरवा. फिलिप्सला पीएच ०, १, २, ३ आणि पोझिड्राइव्हला पीझेड १, २, ३ असे नंबर असतात. घरातल्या बहुतेक कामांना २ नंबर लागतो. टॉर्क्सला टी १०, टी १५, टी २०, टी २५. हा आकडा मिलिमीटर नाही: टी २५ ची रुंदी जेमतेम साडेचार मि.मी. असते. सायकलच्या डिस्कला हाच लागतो.

ॲलनचा आकडा मात्र खरोखर मिलिमीटरचा, समोरासमोरच्या दोन सपाट बाजूंमधला. इथे एक घोटाळा कायम होतो. बोल्ट ६ चा म्हणजे चावीही ६ ची, असं नसतं. गोल उंच डोक्याच्या ॲलन बोल्टला ५ मि.मी. जाडीसाठी ४ ची चावी लागते, ६ साठी ५ ची, ८ साठी ६ ची. आणि इंची सेटमधली ३/१६ ची चावी ५ मि.मी.च्या भोकात घालू नका. ती पावणेपाच मि.मी. भरते, आत सहज जाते आणि कोपरे गोल करून ठेवते.

पायरी ५: पिळण्याआधी बसवून पाहा. टोक आत ठेवा आणि हात सैल सोडून डावीकडे-उजवीकडे हलवा. डुगडुगलं तर एक नंबर मोठा लावून बघा. तो आत जातच नसेल तर आकारच वेगळा आहे, पुन्हा पायरी २. टॉर्क्समध्ये लहान ॲलन अडकवून काम भागवायचा मोह टाळा.

पायरी ६: आधी दाब, मग पीळ. ड्रायव्हर स्क्रूच्या सरळ रेषेत धरा, तळहाताचं वजन मागून द्या आणि मगच फिरवा. गंजलेला असेल तर गंज सोडवणारं तेल मारून अर्धा तास थांबा. खाच थोडीशी गेली असेल तर रुंद रबरबँडचा तुकडा मध्ये ठेवून दाबून पाहा, बऱ्याचदा पकड मिळते.

आता दुकानात ‘स्टार द्या’ऐवजी ‘फिलिप्स २ नंबर’ किंवा ‘टॉर्क्स टी २५’ म्हणा. काढलेला स्क्रू सोबत न्या आणि पैसे देण्याआधी काउंटरवरच टोक त्यात बसवून बघा.