पाथरी आणि म्हातारा नेमके कसे ओळखावेत

सोलापूर जिल्ह्यात रब्बी ज्वारी पोटरीत येते, त्या सुमारास काळ्या रानात, पाटाच्या कडेला आणि बांधावर पिवळ्या फुलांची काही तणे एकाच वेळी दिसू लागतात. त्यांपैकी पाथरीचा पाला भाकरीबरोबर कच्चा खाणारे किंवा त्याची भाजी करणारे लोक आजही गावोगावी आहेत. मात्र पाथरी, म्हातारा नावाच्या तणाच्या मऊ आणि काटेरी अशा दोन जाती आणि त्यांच्यासारखी दिसणारी परकी झाडे ही सर्रास एकमेकांच्या नावाने ओळखली जातात, आणि त्यांतील काही झाडे विषारी आहेत. फुलाचा पिवळा रंग ओळखीसाठी जवळजवळ निरुपयोगी आहे. खरी ओळख पानाच्या बुडाशी आणि बियांवर सापडते. त्यासाठी दहापट मोठे दाखवणारे साधे भिंग आणि थोडे पांढरे कागद एवढे साहित्य पुरते.

पहिली पायरी म्हणजे पान किंवा देठ मोडून चीक पाहणे. पाथरी आणि दोन्ही म्हातारे सॅलडच्या लेट्यूसच्या गटातील आहेत, त्यामुळे त्यांचा चीक दुधासारखा पांढरा निघतो. चीक पिवळा निघाला, तर हातातले झाड पिवळा धोत्रा आहे असे समजून ते तिथेच टाकून द्यावे. ही खबरदारी फार महत्त्वाची आहे, कारण फुले येण्यापूर्वी पिवळ्या धोत्र्याचा जमिनीलगतचा पानांचा झुबका काटेरी म्हाताऱ्यासारखा दिसू शकतो. धोत्र्याच्या निळसर हिरव्या पानांवर शिरांच्या कडेने पांढरे पट्टे असतात आणि ही खूण दुरूनही ओळखू येते. त्याच्या बियांचे तेल मोहरीच्या तेलात मिसळले गेल्याने 1998 मध्ये दिल्लीत जलशोथाची, म्हणजे अंगावर सूज आणणाऱ्या आजाराची, मोठी साथ आली होती.

पांढरा चीक दिसला म्हणजे काम संपले, असेही नाही. मोठ्या दुधीचा आणि रुईचाही चीक पांढराच असतो, आणि तो डोळ्यात गेल्यास गंभीर इजा होऊ शकते. म्हणून चीक पाहिल्यावर हात धुवावेत आणि मग फुलाकडे वळावे. आपण ज्याला एक फूल म्हणतो, तो प्रत्यक्षात अनेक इवल्या फुलांचा गुच्छ असतो. पाथरी आणि म्हाताऱ्याच्या गुच्छातील प्रत्येक फूल पट्टीसारखे चपटे असते आणि त्या पट्टीच्या टोकाला पाच बारीक दाते असतात. मध्यभागी नळीसारख्या फुलांची वेगळी चकती दिसली, तर ते झाड या गटातले नाही. कास पठारावर फुलणारी सोनकी अशीच असते: कडेला पट्ट्या, मध्ये चकती, आणि चीक मुळीच नाही. सोनकीच्याच कुळशाखेतील ब्रिटनमधील रॅगवर्ट या तणामध्ये यकृताला इजा करणारी पायरोलिझिडीन अल्कलॉइडे असतात. ते झाड वाळल्यानंतरही विषारी राहते, त्यामुळे तिथे घोडे व गुरे यांच्या वैरणीत ते येऊ नये म्हणून विशेष काळजी घेतली जाते.

आपल्याकडे याच शाखेतील सदामंडी ओलसर बांधावर उगवते. तिच्या शास्त्रीय नावातील ‘सोंकिफोलिया’ या शब्दाचा अर्थच ‘म्हाताऱ्यासारख्या पानांची’ असा आहे, आणि तिच्यातही त्याच प्रकारची अल्कलॉइडे आढळतात. सदामंडीचे फूल गुलाबी-जांभळे असते, पण पाला खुडला जातो तो बहुधा फुले येण्याआधी. अशा वेळी चिकाची चाचणी निर्णायक ठरते, कारण सदामंडीला दुधी चीक नसतो. गाजर गवताचे कोवळे झुबकेही याच चाचणीत गळतात.

आता खरी बारकाईची गोष्ट, म्हणजे दोन म्हाताऱ्यांमधील फरक. 1753 मध्ये स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने काटेरी म्हाताऱ्याला मऊ म्हाताऱ्याचाच एक प्रकार मानले होते, यावरून त्यांचे साम्य किती आहे ते लक्षात यावे. दोघांचीही खोडे पोकळ असतात आणि पाने खोडाला कवटाळून बसतात. पानाच्या बुडाशी दोन्ही बाजूंना कानांसारखे जे भाग असतात, ते बोटाने हळूच वळवून पाहावेत. मऊ म्हाताऱ्याचे, म्हणजे सोंकस ओलेरेसियसचे, कान टोकदार असून ते खोडापासून बाहेर फाकलेले असतात. काटेरी म्हाताऱ्याचे, म्हणजे सोंकस ॲस्परचे, कान गोलाकार असून मुरडून खोडाला चिकटलेले दिसतात. काटेरीपणावर मात्र एकट्याने विसंबू नये. सोंकस ॲस्परची पाने सहसा तकतकीत, कडक आणि कडेला बोचरी असतात, तर दुसऱ्याची मऊ व निस्तेज असतात, हे खरे असले तरी कोवळ्या किंवा सावलीतल्या झाडांत हा फरक पुसट होतो.

शंका उरली, तर पिकलेली बी पाहावी. पांढऱ्या कापसासारख्या तुऱ्यासह उडणारी ही बी कागदावर घेऊन भिंगाखाली धरली, तर मऊ म्हाताऱ्याच्या बीवर उभ्या रेषांबरोबर आडव्या बारीक सुरकुत्या स्पष्ट दिसतात. काटेरी म्हाताऱ्याची बी चपटी असते, तिच्या प्रत्येक बाजूस साधारण तीन उभ्या धारा असतात आणि त्यांमधला भाग गुळगुळीत असतो. माझ्या मते हीच सर्वांत विश्वासार्ह खूण आहे. दोन्ही जातींचे गुणसूत्रही वेगळे आहेत: सोंकस ॲस्परची 18 आणि सोंकस ओलेरेसियसची 32. त्यामुळे सोंकस ओलेरेसियस ही जाती 18 गुणसूत्रांच्या सोंकस ॲस्पर आणि 14 गुणसूत्रांच्या सोंकस टेनेरिमस यांच्या संकरातून निर्माण झाली असावी, असे वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात.

पाथरी, म्हणजे लॉनिया प्रोकंबेन्स, त्या मानाने सहज वेगळी करता येते. तिची बहुतेक पाने जमिनीलगत झुबक्यात असतात, फांद्या जमिनीवर पसरतात आणि त्यांवर पाने अगदी थोडी असतात. पानाच्या कडेला पांढरे, कडक, बारीक दाते असतात. फुलाखालच्या हिरव्या पट्ट्यांना पातळ पांढरी किनार असते. ती बहुवर्षायू असल्यामुळे वरून खुडली, तरी जमिनीतील भागातून पुन्हा फुटते.

खाण्यासाठी पाला घेताना केवळ मोबाइलवरील छायाचित्रावरून ठरवू नये, आणि ज्वारीत रुंद पानांच्या तणांसाठी टू-फोर-डीसारखे तणनाशक फवारलेल्या रानातला किंवा सांडपाण्याच्या ओढ्याकाठचा पाला, ओळख पटली तरी, घेऊ नये. अभ्यासासाठी नमुना वाळवणाऱ्यांनी पिकलेली बी वेगळ्या पुडीत बांधून नमुन्यासोबत ठेवावी, कारण दाबल्यावर पानांचे कान चपटे होऊन त्यांची मुरड कळत नाही. ठिकाण, जमिनीचा प्रकार आणि तारीख यांच्याबरोबर चिकाचा व फुलाचा रंगही चिठ्ठीवर तेव्हाच लिहावा, कारण नमुना वाळल्यावर यांपैकी काहीच त्यावरून सांगता येत नाही.