हृदयशस्त्रक्रियेत रुग्णाचे स्वतःचे रक्त कसे राखावे

बायपासची तारीख ठरली की नातेवाइकांची पहिली धावपळ रक्ताच्या बाटल्यांसाठी होते. रक्तदाते शोधून ठेवणे आवश्यकच आहे. परंतु रुग्णाचे स्वतःचे रक्त राखण्याचे काम शक्य असल्यास तीन-चार आठवडे आधीच सुरू करावे, कारण माझ्या मते सर्वाधिक लाभ तिथेच पदरात पडतो.

सर्वप्रथम हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. पुरुषांत १३ आणि स्त्रियांत १२ ग्रॅमपेक्षा कमी हिमोग्लोबिन म्हणजे ॲनिमिया. मात्र स्त्रियांच्या शरीरात मुळातच रक्त कमी असल्याने शस्त्रक्रियेपूर्वी त्यांचेही १३ च्या आसपास असलेले बरे. ‘बायकांचे दहा म्हणजे ठीकच’ ही समजूत सोडून द्यावी. फेरिटिनच्या, म्हणजे शरीरातील लोहाचा साठा दाखवणाऱ्या, तपासणीने लोहाची कमतरता बहुधा लक्षात येते, पण तिचे कारणही शोधावे. ॲस्पिरिनमुळे जठरातून किंवा मूळव्याधीतून रोज थोडे थोडे रक्त जात असेल, तर नुसत्या गोळ्यांनी भागत नाही. लोहाच्या गोळ्या चहा-दुधासोबत घेऊ नयेत, आणि हाताशी दिवस थोडे असतील तर शिरेतून लोह देता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे.

चालू असलेल्या सर्व गोळ्या शल्यचिकित्सकांना दाखवाव्यात. रक्ताच्या गुठळ्या होऊ न देणाऱ्या गोळ्यांपैकी क्लोपिडोग्रेल साधारणतः ५ दिवस आणि प्रासुग्रेल ७ दिवस आधी थांबवतात, ॲस्पिरिन बहुतेक वेळा चालूच ठेवतात. परंतु नुकताच स्टेंट बसवला असेल तर हे गणित बदलते, म्हणून आपल्या मनाने एकही गोळी बंद करू नये.

शस्त्रक्रियेच्या वेळी ट्रानेक्झॅमिक ॲसिड दिल्याने तयार झालेल्या गुठळ्या लवकर विरघळत नाहीत आणि रक्तस्राव घटतो. शस्त्रक्रियेदरम्यान हृदय व फुप्फुसांचे काम करणाऱ्या हार्ट-लंग मशीनच्या नळ्यांत भरलेला द्रव, मोठ्या माणसात बहुधा लिटरभर किंवा अधिक, रुग्णाच्या रक्तात मिसळून ते पातळ करतो. त्यामुळे नळ्या आखूड ठेवणे आणि त्यातला काही द्रव रुग्णाच्याच रक्ताने बाहेर सारणे उपयोगी पडते. सांडलेले रक्त ‘सेल सेव्हर’ या यंत्रात ओढून, सलाइनने धुऊन, त्यातील तांबड्या पेशी परत देता येतात, पण प्लेटलेट आणि रक्त गोठवणारे घटक त्यात निघून जातात, हे ध्यानात ठेवावे. दुसऱ्यांदा छाती उघडायची असेल, तर या यंत्राविषयी आवर्जून विचारावे.

आयसीयूत होणाऱ्या रक्तहानीकडे मात्र फारसे कुणाचे लक्ष जात नाही. धमनीतल्या नळीतून नमुना घेताना आधी ओढलेले काही मिलिलिटर रक्त फेकण्याऐवजी निर्जंतुक बंद पद्धतीने परत द्यावे, तपासणीसाठी लहान मुलांच्या छोट्या ट्यूब वापराव्यात आणि सवयीने होणाऱ्या रोजच्या तपासण्या टाळाव्यात. हिमोग्लोबिन साडेसातच्या वर असून रुग्ण स्थिर असेल, तर सहसा बाटली लावण्याची गरज नसते. अशा वेळी नातेवाइकांनी ‘ताकदीसाठी एक लावाच’ असा आग्रह धरू नये. छातीतल्या नळीतून रक्त वाहतच राहिले, तर गोठण्याच्या तपासण्या तातडीने कराव्यात आणि त्या ठीक असूनही रक्त थांबत नसेल, तर बाटल्या चढवत न बसता पुन्हा छाती उघडून रक्तस्रावाची जागा शोधावी.