प्रॉपर्टी पॅकेज निवडताना

ठाणे-बेलापूर रोडवरच्या एखाद्या डिझाइन ऑफिसात केमिकल इंजिनीअर म्हणून रुजू झालात, तर पहिली फाइल बहुधा सॉल्व्हंट रिकव्हरीची हातात पडेल. आजूबाजूला टीटीसीचा औद्योगिक पट्टा, पलीकडे तळोज्याचा. वापरलेलं आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल), टोल्यूइन, अ‍ॅसिटोन फेकून देणं कुणालाच परवडत नाही. सिम्युलेटर (प्लांटचं गणित करणारं सॉफ्टवेअर) उघडला की कॉलम, म्हणजे ऊर्ध्वपातनाचा मनोरा, मांडायच्या आधीच तो विचारतो, प्रॉपर्टी पॅकेज कोणतं? म्हणजे मिश्रणाचे गुणधर्म कोणत्या समीकरणांनी काढायचे? नवी मुलं यादीतलं ओळखीचं नाव टिचकवून पुढे सरकतात. माझ्या मते निम्मं डिझाइन तिथेच ठरलेलं असतं.

आयपीए आणि पाणी घ्या. नेहमीच्या वातावरणीय दाबाला ८० अंशांच्या आसपास त्यांचा अ‍ॅझिओट्रोप होतो, म्हणजे वाफेतलं आणि द्रवातलं प्रमाण एकच होतं, आणि वजनाने साधारण १२ टक्के पाणी आयपीएला सोडत नाही. राऊल्टच्या नियमावर चालणाऱ्या आयडियल मॉडेलला हे दिसतच नाही. कॉलममधले ट्रे वाढवा, रिफ्लक्स (वरून परत सोडलेला द्रव) वाढवा, वरून ९९.९ टक्के आयपीए मिळाल्याचा रिपोर्ट येतो. एरर नाही, काही नाही. साध्या कॉलममधून तसं आयपीए कधीच येणार नसतं.

म्हणून आधी मिश्रण ओळखा. हायड्रोकार्बन आणि वायू, दाब जास्त, तर १९७६ चं पेंग-रॉबिन्सन किंवा एसआरके (सोआव्ह-रेडलिक-क्वाँग) समीकरण. इथे फार डोकं खाजवायला लागत नाही. खरी गंमत अल्कोहोल, पाणी, कीटोन आले की सुरू होते. कमी दाबाला इथे अ‍ॅक्टिव्हिटी कोइफिशंटची (द्रव आयडियलपासून किती ढळतो ते सांगणारी) मॉडेल्स लागतात: विल्सन, एनआरटीएल, युनिक्वॅक. विल्सन (१९६४) आयपीए-पाण्याला छान बसतं, पण टोल्यूइन-पाणी त्याच्याकडे नेऊ नका. द्रवाचे दोन थर होणं त्याच्या समीकरणातून निघूच शकत नाही, आणि तुमचा डीकँटर (थर वेगळे करणारी टाकी) तर त्या थरांवरच चालतो. तिथे १९६८ चं एनआरटीएल घ्या. तेही नुसतं नाव निवडून भागत नाही. वाफ-द्रवाच्या डेटावर बसवलेले पॅरामीटर (समीकरणातले आकडे) थरांच्या बाबतीत भलतंच सांगू शकतात.

अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड असेल तर वाफेकडेही बघा. त्याचे रेणू वाफेतसुद्धा जोडीने फिरतात, त्यासाठी हेडन-ओकॉनेल हे वाफेचं मॉडेल लागतं.

पॅकेज निवडल्यावर बायनरी पॅरामीटरचा, म्हणजे घटकांच्या प्रत्येक जोडीच्या आकड्यांचा, तक्ता उघडा. बऱ्याचदा रिकामा रकाना म्हणजे ती जोडी गुपचूप आयडियल धरलेली असते. युनिफॅक (१९७५) रेणूतल्या गटांवरून तो रकाना भरून देतं. सुरुवातीच्या अंदाजाला ठीक, पण त्यावर कॉलमची ऑर्डर देऊ नका.

मग एक्स-वाय आलेख (द्रवातलं प्रमाण विरुद्ध वाफेतलं) काढून त्यावर प्रयोगातले बिंदू मांडा. डॉर्टमुंड डेटा बँकेत बहुतेक जोड्या सापडतात. अ‍ॅसिटोन-पाण्याचा आलेख तर बघाच. वातावरणीय दाबाला अ‍ॅझिओट्रोप नाही, पण अ‍ॅसिटोन जवळजवळ शुद्ध होत आलं की वक्र कर्णाला (जिथे दोन्ही प्रमाणं सारखी असतात) चिकटतो. तिथे मॉडेल किंचित हललं तरी ट्रेंची संख्या कुठल्या कुठे जाते.

सरावासाठी डीडब्ल्यूएसआयएम हा सिम्युलेटर फुकट मिळतो. आयपीए-पाणी आयडियल, एनआरटीएल आणि युनिफॅक अशा तिन्हींनी करून बघा. ते आलेख घेऊन मुलाखतीला आलात, तर सीव्हीतल्या सर्टिफिकेटांबद्दल मी तरी विचारणार नाही.